फियाटची पाळी

दादासो पुकळेचा राग रहिमतपुरात त्याच्या घरालाच काय, गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होता. त्याच्या चपलेचा आवाज आला की ती उठून पलीकडच्या बोळात जाऊन बसायची. उभी हयात त्यानं एसटी चालवली आणि एकही अपघात केला नाही, हे खरं. पण त्याच्याबरोबर ड्युटी नको म्हणून किती कंडक्टरांनी साहेबापुढं हात जोडले, तेही खरं. रिटायर झाल्यावर कंडक्टर सुटले आणि घरचे सापडले.

त्या दिवशी सकाळी तो दात घासत पत्र्याच्या शेडात गेला आणि त्याच्या नाकात पेट्रोलचा वास शिरला. शेडात बापाची फियाट उभी होती. तिच्या खाली जमिनीवर तळहाताएवढा ओला डाग होता. दादासोनं तोंडातली पेस्ट तिथंच थुंकली आणि पहिली शिवी हासडली. ती कुणाला होती हे त्याचं त्यालाही अजून ठरवायचं होतं.

ही फियाट साधी नव्हती. त्याचा बाप धुळा, ज्याला सगळे आबा म्हणत, म्हसवडाकडचा धनगर. दुष्काळी मुलखात मेंढरांमागं हिंडून त्याची टाच दगडासारखी झाली होती. एका साली त्यानं निम्मी मेंढरं विकली आणि साताऱ्याच्या एका डॉक्टरची वापरलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची फियाट घेतली. अख्खा धनगरवाडा हसला. मेंढरं विकून गाडी घेतली, आता हिची लोकर कातरणार का, असं लोक विचारायचे. हिला खुरीचा रोग लागत न्हाई आन् हिला लांडगा नेत न्हाई, एवढंच आबा सांगायचा आणि पटका बांधून, मागच्या सीटवर घोंगडी अंथरून, म्हसवडच्या बाजाराला गाडीतून जायचा.

मरताना आबानं दोघा लेकांना जवळ बोलावलं. मेंढरं वाटता येतात, रान वाटता येतं, गाडी काही करवतीनं कापता येत नाही. तेव्हा विहिरीच्या पाण्याची असते तशी हिची पाळी लावायची. दसऱ्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत थोरल्या दादासोकडं, तिथून पुढं दसऱ्यापर्यंत धाकट्या लालासाहेबाकडं. ज्याची पाळी त्यानं जपायची आणि दुसऱ्याला देताना चांगली करून द्यायची. पाण्याची पाळी मोडणारा भाऊ नसतो, असं आबा म्हणाला होता.

लालासाहेब सांगलीत हळदीच्या अडतीवर होता. त्याच्या वास्तुशांतीला दादासोनं जो तमाशा केला तो अजून सांगलीत सांगतात. पंगतीत आपल्या बायकोला मागच्या ओळीत बसवलं, एवढ्यावरून तो भरल्या पानावरून उठला आणि लालाच्या सासऱ्याला चारचौघांत वाटेल ते बोलला. त्या दिवसापासून लालाच्या बायकोनं या घराचं नाव टाकलं. सण गेले, लग्नं गेली, बारशी गेली. उरली ती फक्त गाडीची पाळी. वर्षातून दोनदा दोघं भाऊ उंब्रजला हायवेच्या कडेला एका चहाच्या हॉटेलापाशी भेटत, किल्ली देत-घेत, आणि एक-एक चहा पिऊन आपापल्या वाटेनं जात. उंब्रज काही मध्यावर नाही, सांगलीहून जास्त यावं लागतं. पण थोरल्यानं धाकट्याकडं किती चालत जायचं यालाही दादासोची एक हद्द होती. एवढी ही पाळी तुटली असती, तर दोन सख्ख्या भावांना एकमेकांचं तोंड बघायला कुणाच्या तरी मयताची वाट बघावी लागली असती.

तर अशा गाडीखाली डाग.

दादासोनं आधी बॅटरीची वायर काढली, मग पोतं अंथरून उताणा गाडीखाली सरकला. राग आला तरी हात शिस्तीचे होते. पेट्रोल मोठं लबाड. ते गळतं एका जागी आणि ठिबकतं भलत्याच जागी. डाग होता मधोमध, म्हणून त्यानं मधली लोखंडी नळी चाचपली. ओली होती, पण तिथं भोक नव्हतं. टाकीचं बूच बघितलं, तेही कोरडं. मग त्यानं फडक्यानं सगळं पोट पुसून काढलं आणि बायकोला, शालनला, हाक मारून रांगोळीचा डबा मागवला. तिनं कशाला म्हणून विचारलं, तर आता दारात काढायची न्हाई, गाडीच्या पोटावर काढायची हाय, असं उत्तर मिळालं. मूठभर रांगोळी त्यानं नळीवर फुंकली. निम्मी त्याच्याच डोळ्यांत गेली आणि त्याबद्दल त्यानं शालनला दोन शब्द ऐकवले. पण उरलेली नळीला चिकटली आणि थोड्या वेळानं त्या पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटत गेली. रेघेच्या मागं मागं हातातली बॅटरी फिरवत तो सरकला. रेघ मागच्या चाकाकडं गेली, जिथं टाकीतून आलेलं तोंड लोखंडी नळीला वीतभर रबरी पाईपनं जोडलेलं असतं.

पाईप जुना झाला होता, त्याला चिरा गेल्या होत्या. हल्लीच्या पेट्रोलात उसाची स्पिरिट असते आणि जुनं रबर तिला टिकत नाही, हे दादासोला ठाऊक होतं. इथवर कुणाचीच चूक नव्हती. दादासो इथं थांबला असता तर ही गोष्टही इथंच संपली असती.

पण चिरांवर काहीतरी थापलेलं होतं. त्यानं नखानं उकरलं. साबण. कपड्याचा निळा साबण, आणि त्यात मळलेली काळी लोकर.

तो गाडीखाली तसाच पडून राहिला. टाकी गळली की गॅरेजवाले साबण घासतात, ते सगळ्या दुनियेला माहीत आहे. पण नुसता साबण वाळून तडकतो. त्यात लोकर मळायची, म्हणजे तो धरून राहतो, ही युक्ती आबाची. एकदा दिघंचीच्या रस्त्यावर टाकी फुटली तेव्हा आबानं घोंगडीची लोकर उपटून, साबणात मळून, अंगठ्यानं दाबून बसवली होती आणि दोन्ही बाजूंनी दोन पोरं कंदील नव्हे, बॅटरी धरून बसली होती. एक दादासो, दुसरा लाला. तिसऱ्या कुणाला ही युक्ती माहीत असण्याचं कारण नव्हतं. दादासोनं स्वतः ती केली नव्हती. मग राहिला कोण?

गणित सुटलं, आणि सुटलं तसा त्याच्या कानशिलात घण वाजायला लागला. म्हणजे लालाच्या पाळीतच पाईप गळत होता. नवा पाईप टाकायचा सोडून ह्यानं साबण थापला, दसऱ्याला किल्ली हातात दिली आणि समोर बसून मिशीत हसत चहा प्याला. आणि ह्या गाडीतून कोण जातं? प्रांजल. दादासोची एकुलती एक पोर. कऱ्हाडला लॅबमध्ये कामाला होती. एरवी रेल्वेनं जायची, पण गाडी हलती राहावी म्हणून आठवड्यातून एखाद्या दिवशी फियाट न्यायची. काल नेली होतीच. काल दादासो कोरेगावला लग्नाला गेला होता, रात्री परत आला तेव्हा गाडी शेडात होती. म्हणजे काल आपली पोर पेट्रोल गळणाऱ्या गाडीत बसून कऱ्हाडपासून आली, असं त्यानं धरलं.

साबण त्याच्या बोटांना मऊ लागत होता, त्यावर धुळीचा कणही नव्हता. दसऱ्याला लावलेला साबण एव्हाना वाळून खडा झाला असता. हे एसटीच्या ड्रायव्हरला कळायला काही हरकत नव्हती. पण बोटांना कळलेलं डोक्यापर्यंत जायला वाट मोकळी लागते, आणि त्या वाटेवर त्या वेळी फक्त लाला उभा होता.

तो बाहेर आला तो डोक्यावर रांगोळी आणि हातात तो गोळा घेऊनच. शालनला त्यानं तो दाखवला आणि तुझ्या दिराचं काम बघ म्हणाला. शालनचा चेहरा पडला. तिनं तोंड उघडलं, पोरगी आल्यावर बोलू, संध्याकाळी बोलू, असं काहीतरी ती म्हणत होती. दादासोनं तिला पुढं बोलूच दिलं नाही. त्यानं लालाला फोन लावला, आत्ताच्या आत्ता उंब्रजला ये म्हणून सांगितलं. पलीकडून लाला म्हणाला की मी निघालोच आहे. सांगलीतला माणूस सकाळी नवाच्या सुमाराला आधीच कुठं निघाला होता, हा प्रश्न पडायला हवा होता. दादासोनं फोन ठेवला होता.

गाडीची किल्ली खिळ्यावर नव्हती. प्रांजल आज रेल्वेनं गेली होती आणि किल्ली बरोबर घेऊन गेली होती. विसरभोळी कार्टी, असं म्हणून त्यानं कपाटातून दुसरी किल्ली काढली. शालन दारात आडवी उभी राहिली.

"गाडी नेऊ नगासा. गळतीया नव्हं? एसटीनं जावा."

"पुरावा गाडीला हाय. गाडीच दावनार त्याला."

त्यानं पाईपवर जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. पुराव्याचा गोळा, म्हणजे गळती ज्यानं अडवली होती तोच साबण, त्यानं कागदात गुंडाळून खिशात टाकला. वायर जोडली आणि निघाला.

कारखान्यांचा हंगाम चालू होता. मसूरच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चालले होते, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्कश्श गाणी. कडेला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या, प्रत्येक कोपीपुढं दगडांची चूल आणि तिच्यावर तवा. दादासो त्यांच्या जवळून गेला आणि त्याच्या मागं रस्त्यावर ठिपके पडत गेले. आयुष्यात एकही अपघात न केलेला हा माणूस. एखाद्या मेकॅनिकनं अशी गाडी डेपोतून काढू दिली असती तर दादासोनं त्याची सालटी काढली असती. पण राग आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ असं लख्ख दिसतं की रस्ता दिसायचा राहतो. वाटभर तो लालाला काय काय बोलायचं ते मोठमोठ्यानं म्हणून बघत होता.

उंब्रजला तो पोचला आणि सवयीनं दरवेळच्या जागी गाडी लावली, हॉटेलाच्या छपराला लागून. चहावाल्या लालखाँनं नमस्कार केला, यंदा पाळी लवकर आली का म्हणून हसून विचारलं. दादासो हसला नाही. तो बॉनेटला टेकून हायवेकडं बघत राहिला. पट्टीनं कधीच दम सोडला होता. चाकाजवळ थेंब पडत होते, आणि दहा पावलांवर भट्टीवरचं दूध उतू जायला आलं होतं.

लाला मोटारसायकलवरून आला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांवर हळदीचा पिवळा रंग, खांद्याला कापडी पिशवी. त्यानं गाडी बघितली, गाडीखाली बघितलं, आणि भावाकडं न येता सरळ हॉटेलात गेला. लालखाँला भट्टी बंद करायला सांगितली, बाकड्यावर बिडी ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातातली बिडी काढून घेऊन पाण्याच्या बादलीत टाकली. मग तो बाहेर आला.

"दादा, तू ही चालवत आनलीस? आन् चुलीजवळ लावलीस?"

एवढंच तो म्हणाला, तेही हळू. पण दादासोनं वाटभर जे जे घोकलं होतं त्यातलं एक वाक्यही त्याला बोलू न देता समोरच्यानं त्यालाच जाब विचारला होता. खाडकन आवाज झाला. हॉटेलातल्या माणसांच्या हातातले कप हातातच राहिले. साठीच्या घरातल्या एका माणसानं पन्नाशी उलटलेल्या दुसऱ्या माणसाच्या थोबाडीत मारली होती, आणि दोघांचं नाक एकसारखं होतं.

मग दादासोला वाचा फुटली. त्यानं खिशातला कागद काढून साबणाचा गोळा लालाच्या तोंडापुढं धरला. हा कुणाचा आहे विचारलं. आबाची युक्ती आबाच्या नातीला जाळायला वापरलीस म्हणाला. तुझ्या बायकोनं मला दार बंद केलं ते चांगलंच केलं, तुमच्या घरात विषच आहे म्हणाला. नवा पाईप घ्यायला तुझ्याकडं पैसं नव्हतं का, माझ्याकडं मागायची लाज वाटली का, असंही म्हणाला. लोक ऐकत होते. लाला एका हातानं गाल धरून त्या गोळ्याकडं बघत होता, जणू तो कधी पूर्वी बघितलाच नव्हता.

"तुला म्हाईत हुतं का न्हाई पाईप गळतोय ते? एक सांग. व्हय का न्हाई."

लालानं गालावरचा हात खाली घेतला.

"व्हय. म्हाईत हुतं."

झालं. दादासोला आणखी काही ऐकायचं नव्हतं. त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की आजपासून पाळी बंद. अक्षय तृतीयेला इथं यायचं नाही, दसऱ्याला यायचं नाही, मी मेलो तरी खांदा द्यायला यायचं नाही. पाण्याची पाळी मोडणारा भाऊ नसतो.

लालानं ते सगळं ऐकून घेतलं. मग लालखाँच्या पोऱ्यांना हाताशी घेऊन गाडी ढकलत पार पलीकडं, मोकळ्या मातीत नेली. पिशवीतून त्यानं वीतभर नवा रबरी पाईप काढला, दोन क्लिपा काढल्या, एक पाना आणि एक लाकडी खुंटी काढली. पांढऱ्या शर्टानिशी तो मातीत उताणा झाला आणि गाडीखाली गेला. टाकीच्या तोंडात खुंटी मारली, जुना पाईप ओढून काढला, नवा बसवला, क्लिपा आवळल्या. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते आणि त्या पायांपाशी उभा राहून दादासो बोलत होता. चोराच्या मनात चांदणं, म्हणाला. पाईप बरोबर घेऊनच आलास, म्हणजे पाप किती दिवसांचं होतं बघा. गाडीखाली पाना फिरत राहिला.

बाहेर आल्यावर लालानं हात मातीत चोळले. एका गालावर ग्रीस होतं आणि दुसऱ्यावर चार बोटं. सांडलेल्या पेट्रोलवर माती टाकायला त्यानं पोऱ्यांना सांगितलं आणि भावाकडं न बघता मोटारसायकलला किक मारली. चहा कुणीच प्याला नाही.

घरी येताना दादासो खूश होता, असं म्हणायला हरकत नाही. राग निघून गेला की त्याला नेहमीच बरं वाटायचं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. गाडीला आता वास येत नव्हता. पाळी मोडली होती, पण न्यायानं मोडली होती. घरी आल्यावर त्यानं पोटभर जेवून घेतलं. शालननं वाढलं. ती अधूनमधून फोन घेऊन परसात जात होती, तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही.

संध्याकाळच्या रेल्वेनं प्रांजल आली. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवलीही नाही. शेडात जाऊन गाडीखाली वाकून बघितलं, मग घरात आली. दादासो खाटेवर बसून वाटच बघत होता. त्यानं उंब्रजची हकीकत सुरुवातीपासून, हातवारे करून सांगितली, थोबाडीत मारली तेवढी सोडून. शेवटी म्हणाला की तुझ्या जिवाशी खेळणाऱ्याला मी सोडणार नाही, मग तो माझ्या पाठचा का असेना.

"साबन मी लावलाय, अण्णा," प्रांजल म्हणाली.

दादासोला ते नीट कळलं नाही, म्हणून तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काल संध्याकाळी मसूरच्या अलीकडं ट्रॅक्टरांची रांग लागली होती. वास आला म्हणून तिनं गाडी कडेला घेतली आणि खाली बघितलं तर पेट्रोल ठिबकत नव्हतं, वाहत होतं. रस्त्याला उतार होता आणि उताराला टोळीच्या कोप्या होत्या, चुली पेटलेल्या. तिनं आरडाओरडा करून बायकांना चुली विझवायला लावल्या, एकीनं भाताचं पातेलंच चुलीत ओतलं. मग तिनं तात्याला, म्हणजे लालाला, फोन लावला. तात्या फोनवर होता सगळा वेळ. आधी माणसं लांब कर म्हणाला, मग बॅटरीची वायर काढ म्हणाला, मग कुणाकडं कपड्याचा साबण आहे का बघ म्हणाला. टोळीतल्या बाईनं साबण दिला. लोकर मागच्या सीटवरच्या आबांच्या घोंगडीतली. किती मळायचं, कुठं दाबायचं, हे सगळं तो सांगत होता आणि ती करत होती. गाडी चालवायची नाही म्हणाला. म्हणून तिनं ती एका रिकाम्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत घरी आणली. संशय नको म्हणून वायर परत जोडली आणि किल्ली कुणी घेऊ नये म्हणून बरोबर नेली. आज दुपारी अण्णा झोपले की तात्या नवा पाईप घेऊन गुपचूप येणार होता, टाकून जाणार होता.

"तात्याच्या पाळीत पाईप बदलला न्हाई म्हणून तुमी पाळी मोडाल, असं मला वाटलं. म्हणून तुमाला कळू द्यायचं न्हवतं."

"मग त्यानं मला सांगितलं का न्हाई? मी इचारलं त्याला, सगळ्यांदेखत इचारलं."

"मीच म्हनलं हुतं, तात्या, माझं नाव येऊ देऊ नगा. तर म्हनले, काळजी करू नगंस. लय तर दादा मला एक थोबाडीत दील. लहानपनापासनं खातोय, एकानं काय हुतंय." ती थांबली. "मारली का?"

दादासोनं उजवा हात मांडीखाली सारला. कोपऱ्यात शालननं पदर तोंडाला लावला.

राग आला. दुसरं काही यायला त्याच्यात जागाच नव्हती. पण येऊन तो उभा राहिला आणि त्याला जायला कुठं दार सापडेना. लालावर ओतावा तर त्याला ओतून झाला होता. शालनला हे माहीत होतं, तिच्यावर ओतावा तर ती सकाळी दारात आडवी उभी राहिली होती. वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्याला सवय होती, पण आज वांगंच शिल्लक नव्हतं. तो खाटेवरून उठला. तो उठला तशी शालननं काही न बोलता त्याच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलून मागं ठेवला आणि प्रांजल दाराकडं अर्धं पाऊल सरकली. दोघींनी ते इतकं सहज केलं की आपण केलं हे त्यांनाही कळलं नसावं. दादासोला कळलं. तो पुन्हा खाली बसला.

"मला का न्हाई फोन केलास?" त्यानं विचारलं. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. "मी तुझा बाप हाय. एसटी चालवलीया मी. साबनाची गोष्ट मला ठाव न्हवती व्हय?"

प्रांजलनं खांद्यावरची पिशवी आता खाली ठेवली.

"तुमचाच नंबर काढला हुता आधी. मग बंद केला." ती रडत नव्हती, रागावलेली होती, आणि रागात ती अगदी त्याच्यासारखी दिसत होती. "तुमी आधी वरडला असता, मग इचारलं असतं. पेट्रोल चुलीकडं चाललं हुतं, अण्णा. तेवढा येळ न्हवता."

ती आत निघून गेली. शालन तिच्या मागं गेली. आत दोघींची कुजबुज सुरू झाली, आणि या घरात माणसं कुजबुजतच बोलतात हे दादासोला आज पहिल्यांदा ऐकू आलं.

बऱ्याच वेळानं तो उठून शेडात गेला. फियाटचं दार उघडून सीटच्या कडेवर बसून त्यानं लालाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. काय बोलायचं ते तो जुळवत होता आणि जे जुळत होतं ते सगळं भांडणच होतं. तू सांगितलं का नाहीस, तू खोटं का बोललास, तू माझ्या पोरीला माझ्यापासून लपायला शिकवतोस. घंटी थांबली. पलीकडं कुणीतरी फोन उचलला होता.

"लाला," दादासो म्हणाला, "तुला लागलं का रं?"

सांगलीत दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"लागलं," लाला म्हणाला.